श्वानप्रदर्शनासाठी पहिला कुत्रा : सांगलीच्या हवेत कोणती जात निवडावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. घर बैठे आहे, मागे छोटे अंगण आहे आणि अंगणाला पाच फुटांची भिंत आहे. घरात आम्ही नोकरी करणारे दोघे, सातवीतली मुलगी आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या सासूबाई असे चौघे जण आहोत. गेल्या हिवाळ्यात मुलीने एक श्वानप्रदर्शन पाहिले आणि आपलाही कुत्रा रिंगणात न्यायचा, असा ध्यास घेतला. हा ध्यास टिकतो का ते पाहण्यासाठी आम्ही वर्षभर थांबलो आणि तो टिकला आहे.

तिची पहिली पसंती हस्कीला होती. इथला एप्रिल-मे आठवून ते नाव आम्ही बाजूला ठेवले. आता लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल आणि यजमानांच्या मनातला कारवानी हा देशी शिकारी कुत्रा अशी चार नावे उरली आहेत. एका विक्रेत्याने आम्हाला 'शो क्वालिटी' म्हणून पिल्लू दाखवले. ते पस्तीस दिवसांचे होते आणि त्याची आई पाहायला मिळेल का असे विचारताच त्याने विषय बदलला. आम्ही परत आलो. नेमके काय पाहावे, कोणते कागद मागावेत आणि प्रदर्शनाची सुरुवात कशी करावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

यवतेश्वर

परत आलात हे फार चांगले केलेत. मी साताऱ्यात राहतो आणि अकरा वर्षे लॅब्रेडॉर दाखवतो आहे. माझा पहिला कुत्रा मात्र असाच घाईत घेतलेला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रिंगणात दहा कुत्री उभी असली की त्यांची एकमेकांशी तुलना चालली आहे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात परीक्षक प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या जातीच्या लेखी मानकाशी करत असतो. उंची, दातांची ठेवण, खांद्याचा कोन, चाल, अंगावरचा केस आणि स्वभाव हे सगळे त्या मानकात लिहिलेले असते. लॅब्रेडॉर नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आहे, तर जर्मन शेफर्ड नराची ६० ते ६५. त्यामुळे शेजाऱ्यांना देखणा वाटणारा धिप्पाड लॅब्रेडॉर रिंगणात मागे पडू शकतो. माझा पहिला कुत्रा असाच धिप्पाड होता. परीक्षकांनी त्याच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला आणि त्याला शेवटच्या जागी उभे केले. त्या दिवशी घरी येऊन मी मानक पहिल्यांदा वाचले. ते कुत्रा घेण्याआधी वाचायला हवे होते.

भारतात शुद्ध जातीच्या कुत्र्यांची नोंद मुख्यतः केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. त्याचे मुख्यालय चेन्नईत आहे. पिल्लांच्या विणीची नोंद ब्रीडरने करायची असते आणि विक्रीनंतर मालकी आपल्या नावावर करून घ्यायची असते. पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. तिचा पंधरा आकडी क्रमांक नोंदणीच्या कागदावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. ब्रीडरकडे वाचणारे यंत्र असते. तुमच्यासमोर ते फिरवून दाखवायला सांगा. 'कागद मागाहून पाठवतो' हे वाक्य ऐकले की व्यवहार तिथेच थांबवा.

माझा मुख्य सल्ला वेगळाच आहे. कुत्रा घेण्याआधी माणूस शोधा. आपल्या जातीची कुत्री बरीच वर्षे दाखवणारी, तिच्यातले दोषही मोकळेपणाने सांगणारी एखादी व्यक्ती भेटली, तर पिल्लाची निवड, हाताळणीचे शिक्षण आणि पुढची दहा वर्षे या तिन्ही गोष्टी सोप्या होतात.

पशुवैद्य_मिरज

पस्तीस दिवसांच्या पिल्लाबद्दल आधी लिहितो, कारण दर महिन्याला अशी पिल्ले माझ्या टेबलावर येतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. त्याच नियमांत मादीला अठरा महिन्यांआधी फळवू नये, वर्षात एकापेक्षा जास्त वीण घेऊ नये आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त विणी घेऊ नयेत, अशी बंधने आहेत. आई दाखवायला नकार मिळतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते की तिची अवस्था दाखवण्यासारखी नसते. शिवाय चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकते. पाचव्या आठवड्यात तोडलेले पिल्लू हा धडा न घेताच तुमच्या घरी येते आणि रिंगणात अनोळखी परीक्षक तोंडात बोटे घालतो तेव्हा त्याची उणीव दिसते.

लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेणार असाल तर आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का, ते विचारा. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष या दोन्ही जातींत आनुवंशिक आहे. त्याची श्रेणी ठरवण्यासाठी कुत्रा किमान एक वर्षाचा असावा लागतो, म्हणून पिल्लाकडे पाहून काहीच कळत नाही. पुरावा आईवडिलांकडेच मिळतो. जिल्ह्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

उन्हाचे म्हणाल तर वरच्या चारही जाती सांगलीत राहू शकतात. मात्र मार्चपासून फिरणे सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच ठेवावे लागते. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पाच सेकंद टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तिथे टेकवू नयेत.

माणदेशी

मी कारवानीच्या बाजूने लिहितो आहे. आमच्या म्हसवड-आटपाडी-जत या पट्ट्यात धनगरवाड्यांवर हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्याकडे त्याला कारवानी म्हणतात, सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात आणि केनेल क्लबच्या नोंदीत कारवान हाउंड हे नाव आढळते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजाकडील शिकारी कुत्री पाहून त्यांची जोपासना केली आणि त्यांची जोडी राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, हा इतिहास या भागात सर्वांना ठाऊक आहे. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटे काढली. त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजापलायम यांच्याबरोबर मुधोळही होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्र आहे आणि भारतीय सैन्यानेही ही कुत्री घेऊन मेरठच्या केंद्रात त्यांना प्रशिक्षण दिले आहे.

ही जात आपल्या हवेत घडलेली आहे. अंगावर केस आखूड, शरीर सडपातळ, छाती खोल आणि पोट वर ओढलेले. भाकरी, ताक आणि अधूनमधून अंडी-मटण यांवर तिने दिवस काढले आहेत, तरी प्रदर्शनासाठी वाढवायच्या पिल्लाला प्रथिने मोजूनच दिली पाहिजेत. सांगली-सातारा भागातल्या माणसाने बाहेरची जात घेऊन स्पर्धेत शंभरावा होण्यापेक्षा आपल्या मातीतले चांगले कुत्रे रिंगणात उभे करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. देशी जातींची संख्या रिंगणात वाढली नाही, तर चांगल्या रक्ताची नोंदच होणार नाही.

बीगलप्रेमी_कराड

आमचा बीगल उत्तम आहे, परंतु त्याचा आवाज तीन गल्ल्या ऐकतात. शेजाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

वारणाकाठ

माणदेशी यांच्या जिव्हाळ्याबद्दल आदर आहे, तरी या कुटुंबासाठी त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. आमच्याकडे इस्लामपूरला सात वर्षे कारवानी मादी होती. तिच्यावर आमचे जितके प्रेम होते, तितके आजवर दुसऱ्या कोणत्याही जनावरावर झाले नाही. पण तिला पाच फुटांची भिंत ही भिंत वाटतच नसे. मांजर दिसले की ती निघाली आणि एकदा निघाल्यावर हाक तिच्या कानांपर्यंत पोहोचत नसे. नजरेने शिकार हेरणाऱ्या जातीचा हा स्वभावच आहे, त्यात तिचा दोष नव्हता. तिला रोज मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत तुफान धावायला लागे आणि नोकरी करणाऱ्या दोघांना रोज हे जमेल का, याचा विचार कृष्णाकाठ यांनी करावा.

दुसरे म्हणजे अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला या जातीला आवडत नाही. रिंगणात तर परीक्षक डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवतो. आम्ही तिला दोनदा दाखवली आणि दोन्ही वेळा ती परीक्षकापासून मागे सरकली. ती घाबरट नव्हती. आम्ही तिला लहानपणी पुरेशी माणसे दाखवली नव्हती. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु महत्त्वाची आहे. या कुत्र्यांची कातडी पातळ असते आणि शेताच्या काटेरी तारेने ती कापडासारखी फाटते.

माणदेशी

वारणाकाठ यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्यातच उत्तरही आहे. पिल्लू घरी आल्यापासून चौदा-पंधरा आठवड्यांचे होईपर्यंत रोज एका नव्या माणसाने त्याचे दात, कान आणि पाय हाताळले, तर मागे सरकण्याची सवय लागत नाही. भिंतीवर दोन फूट जाळी लावावी लागेल, हेही खरे आहे. नोकरीच्या वेळांचा विचार मी केला नव्हता. तो त्यांनीच करायचा आहे.

पशुवैद्य_मिरज

माणदेशी यांच्या सूचनेला एक पुस्ती जोडतो. या वयात लसीकरण पूर्ण झालेले नसते. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात देतात. तोवर पिल्लाला बाजारात किंवा भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडू नये, परंतु माणसे घरी बोलवावीत आणि पिल्लू कडेवर घेऊन एसटी स्थानकाचा गोंगाटही दाखवावा. कारवानीसारख्या सडपातळ जातींना भुलीची काही औषधे जास्त काळ चढतात, म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी.

द्राक्षबाग_तासगाव

धाग्याचा विषय निवडीचा आहे, तरी सांगली जिल्ह्यात कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे म्हणून लिहितो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात आणि त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये खाली सांडलेले बेदाणे खाऊन आमचा लॅब्रेडॉर मरता मरता वाचला. त्याआधी आम्ही कौतुकाने त्याला घड देत असू, याचे आजही वाईट वाटते. आपल्याकडे प्रत्येक घरात बेदाण्याची बरणी असते. ती वरच्या फळीवर ठेवा आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

शिराळा_पश्चिम

आणखी एक स्थानिक गोष्ट सांगतो. आमच्याकडे आणि कराड-पाटणकडे उसाच्या फडात बिबट्या असतो. अंगणात रात्री साखळीला बांधलेला कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य ठरते. विश्रामबागेत ही भीती नसेल, परंतु गावाकडे सुटीला नेताना कुत्रा रात्री घरातच घ्यावा.

अभ्यासक_वाई

मला मूळ कल्पनेबद्दलच शंका आहे. दिसण्यावर बक्षिसे देण्यामुळे जातींचे नुकसान झाले आहे. पगचे नाक इतके चपटे झाले की त्याला श्वास घेता येत नाही. डॉबरमनचे कान आणि शेपटी कापण्याची प्रथाही देखणेपणाच्या हट्टातूनच टिकली. मुलीला कुत्र्याचे वेड असेल तर रस्त्यावरचे एक पिल्लू घ्यावे, त्याला शिकवावे आणि रिंगणाचा नाद सोडावा, असे मला वाटते.

यवतेश्वर

अभ्यासक यांची तक्रार गंभीर आहे आणि ती अर्धी खरी आहे. चपट्या नाकाच्या जातींबाबत मीही कुणाला होकार देत नाही. आपल्या उन्हात तर नाहीच. कान-शेपटी कापण्याविषयी माझे मत ठाम आहे की ते करू नये आणि करवून घेणाऱ्या ब्रीडरकडे जाऊ नये. मात्र हालचाल, दात, स्वभाव आणि सांध्यांची बांधणी जिथे अनोळखी माणूस सर्वांसमोर तपासतो, अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ज्यांच्या कुत्र्यांना कोणीच तपासत नाही, ते विक्रेते 'शो क्वालिटी' हा शब्द मोकाट वापरतात. कृष्णाकाठ यांना भेटलेला विक्रेता त्यांतलाच होता.

रस्त्यावरचे पिल्लू घेण्याचा विचार मात्र मनापासून चांगला आहे. सौंदर्याच्या रिंगणात त्याला जागा नसली तरी आज्ञापालनाचे शिक्षण त्याला उत्तम जमते.

संगममाहुली

साताऱ्याचा उल्लेख आला म्हणून एक आठवण नोंदवतो. संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, अशी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्यांजवळ एका कुत्र्याला जागा मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते. मुलीला अवश्य दाखवावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वारणाकाठ यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा आजवर या विषयावर न बोललेल्या सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या माहेरी, जतजवळच्या वस्तीवर, त्यांच्या वडिलांचा कारवानी होता आणि तो वडिलांखेरीज कुणालाही पाठीवर हात ठेवू देत नसे. त्या मात्र त्याच्या पाठीला टेकून झोपत, कारण तो पिल्लू असल्यापासून त्या त्याला भाकरी घालत होत्या. पंधरा आठवड्यांचा हिशेब त्यांनी आम्हाला अशा रीतीने पटवून दिला.

आता प्रदर्शनाबद्दल विचारते. पहिल्यांदा जाताना नेमके काय करायचे असते? आणि देशी जातीच्या आईवडिलांची नोंदच नसेल तर काय करावे?

यवतेश्वर

पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जा. आपल्याकडे प्रदर्शने बहुतेक थंडीच्या मोसमात होतात आणि पुणे-कोल्हापूर ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. सकाळी लवकर पोहोचून कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि आपल्या जातीच्या रिंगणाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसा. आधी प्रत्येक जातीत वयाच्या वर्गांनुसार निवड होते, त्यांतून जातीतला सर्वोत्तम ठरतो, मग तो आपल्या गटात उतरतो आणि गटांचे विजेते शेवटच्या फेरीत येतात. लॅब्रेडॉर आठव्या गटात, जर्मन शेफर्ड पहिल्या गटात आणि बीगल सहाव्या गटात येतो. मालकांशी बोलायचे असेल तर त्यांची फेरी झाल्यावर बोला; फेरीआधी त्यांचे सगळे लक्ष कुत्र्यावर असते.

कुत्र्याला शिकवायचे तीन भाग असतात. एक, चारही पाय नीट टेकवून स्थिर उभे राहणे. दोन, ढिल्या पट्ट्यावर सरळ रेषेत दुडक्या चालीने जाणे-येणे आणि त्रिकोणात फिरणे. तीन, दात तपासू देणे. नराच्या बाबतीत दोन्ही वृषणे उतरली आहेत का तेही परीक्षक हाताने पाहतो. मोठ्या जातींची तपासणी जमिनीवर आणि बीगलसारख्या लहान जातींची टेबलावर होते. रोज दहा मिनिटांचा सराव पुरतो, एक तासाने कुत्रा कंटाळतो. प्रवेश अर्जाची मुदत प्रदर्शनाच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून तारखेवर लक्ष ठेवावे.

नोंद नसलेल्या देशी कुत्र्याचे म्हणाल तर तपासणीनंतर नोंदीची सोय आहे का, ते पिल्लू घेण्याआधीच क्लबकडे लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नका.

एक विनंतीही करतो. काही प्रदर्शनांत मुलांसाठी हाताळणीची वेगळी स्पर्धा असते आणि तिच्यात कुत्र्याच्या बांधणीला गुण नसतात, हाताळणाऱ्या मुलाच्या कौशल्याला असतात. माझी चार वर्षांची मादी शांत आहे आणि तिला रिंगणाची सवय आहे. मुलीला रविवारी साताऱ्याला घेऊन या. आधी तिच्यावर हात बसू दे.

वारणाकाठ

यवतेश्वर यांची ही सूचना धाग्यातली सर्वांत मोलाची आहे. आम्हाला कुणी असे म्हटले असते तर आमच्या मादीला रिंगणात मागे सरकण्याची वेळ आली नसती.

कृष्णाकाठ

दोन महिन्यांनी लिहिते आहे. आतापर्यंत सहा रविवार आम्ही साताऱ्याला गेलो. पहिल्या दिवशी मुलीने पट्टा इतका घट्ट धरला होता की मादीची चालच बिघडली. चौथ्या रविवारी पट्टा ढिला पडला आणि मादी तिच्याकडे बघत बघत चालू लागली. येताना संगम माहुलीलाही उतरलो. मधल्या काळात पुण्यातले एक प्रदर्शन कुत्र्याशिवाय पाहून आलो आणि लॅब्रेडॉरच्या रिंगणाजवळ जितका वेळ बसलो, तितकाच वेळ तिथल्या दोन कारवानींजवळही बसलो.

आमचा निर्णय कारवानी मादीच्या बाजूने झाला आहे. मी सकाळची नोकरी दुपारच्या पाळीत बदलून घेतली आहे, भिंतीवर जाळी लावण्याचे काम सुरू आहे आणि कुंपण घातलेले एक मैदान सकाळी सहा ते सात वापरण्याची परवानगी मिळाली आहे. आईवडील दोन्ही पाहायला देणारे, नोंदणी दाखवणारे कुटुंब माणदेशी यांच्या ओळखीने मिळाले. एकच प्रश्न उरला आहे. त्यांच्याकडे एक वीण मार्चअखेरीस होईल आणि दुसरी दिवाळीच्या सुमारास. मेमध्ये मुलीला सुटी असते, पण ऊन फार असते. कोणती वीण घ्यावी?

पशुवैद्य_मिरज

मार्चअखेरीची घ्या. पिल्लू मेअखेरीस आठ-नऊ आठवड्यांचे होऊन घरी येईल, ऊन उतरणीला लागलेले असेल आणि पंधरा आठवड्यांपर्यंतच्या काळातले पहिले दोन-तीन आठवडे मुलगी पूर्ण वेळ घरी असेल. पावसाळ्यात गोचीड वाढतात, तेव्हा औषधाचे वेळापत्रक आधीच ठरवून देतो. पहिल्या तपासणीला येताना बेदाणे सोडून तिच्या आवडीचा काहीतरी खाऊ बरोबर आणा, म्हणजे माझ्या टेबलाचीही तिला सवय होईल.

माणदेशी

सासूबाईंनाही पिल्लू पाहायला घेऊन या. वस्तीपर्यंत आता गाडी जाते, त्यांना चालावे लागणार नाही.